पुस्तक बिघडलंय का? (इच्छांच्या चित्रपुस्तकाचं आता काय करू?)

निंबोणी (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक साडेचार वर्षांची. जूनमध्ये शाळेच्या खरेदीला अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला एक चित्रांचं पुस्तक दिसलं. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, लिहिलंय कुणी, चित्रं कुणाची, काही पत्ता नाही. वरून कुणीतरी खाकी कव्हर घातलेलं. ४० रुपये. मजकूर इंग्रजी आहे, पण पानाला जेमतेम एक ओळ, त्यामुळे मी मराठीतच सांगते.

गोष्ट अशी. डोंगराखालच्या गावात एका मुलीला एक मडकं सापडतं. मडक्यात तोंड घालून मनातलं सांगायचं आणि वर फडकं बांधून टाकायचं. मग एकेक जण येतो. सुतार येतो, भांडखोर जावा-जावा येतात, एक बकरीसुद्धा येते. (बकरीचं पान आमच्याकडे सर्वाधिक लाडकं. ती बोलत नाही, फडकं खायला बघते.) शेवटी मुलगी मडकं घेऊन डोंगरावर चढते आणि फडकं सोडते. शेवटच्या पानावर अक्षर नाही. नुसतं निळंकाळं आभाळ आणि मधोमध पांढऱ्या रेघेने काढलेला एक छोटा पंजा. म्हणजे आता तुझी पाळी. पान तसं चांगलं आहे, फक्त शिवणीपाशी हळदीचा डाग आहे आणि पंजा आमच्या वरणभातामुळे आता पांढरा राहिलेला नाही.

पहिला आठवडा मजेत गेला. पाणीपुरी मागितली, गुलाबी सायकल मागितली. एकदा 'उद्या शाळा नको' मागितलं आणि नेमकी दुसऱ्या दिवशी पावसामुळे सुट्टी जाहीर झाली. तिथे पुस्तकाची पत एकदम वाढली.

आणि मग तिने आबांना मागितलं. आबा म्हणजे माझे सासरे, फेब्रुवारीत गेले. रोज दुपारी हिला शेजारी घेऊन गोष्ट सांगायला लागायचे आणि गोष्ट निम्म्यावर आली की स्वतःच घोरायला लागायचे. ही त्यांचं नाक दाबून 'पुढे काय?' विचारायची. अकरा दिवस झाले, रोज रात्री तेच मागणं. काल हात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ थांबली. मग पुस्तक उचलून कानाजवळ हलवलं. रिमोट चालेनासा झाला की आपण हलवतो ना, तसं. आणि म्हणाली, "आई, पुस्तक बिघडलंय का?"

मी म्हटलं, झोप आता.

नवरा म्हणतो पुस्तक माळ्यावर टाक. सासूबाई म्हणतात राहू दे, तिचं तिला कळेल. मला दोन्ही पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

पेठेतली_मनी (सोमवार, रात्री ११.२४)

अगं बाई. ते कानाजवळ हलवणं वाचून पोटात कालवलं.

तर्ककर्कश (सोमवार, रात्री ११.५१)

सरळ सांगून टाका. हा कागद आहे, त्यावर शाई आहे. हात ठेवल्याने काहीही होत नाही. सुट्टी पावसाने मिळाली, पुस्तकाने नाही. मुलांना चार वर्षांपासूनच कार्यकारणभाव कळला तर पुढे चाळिशीत बोटांत खड्यांच्या अंगठ्या घालून फिरत नाहीत. घराघरात आपणच ही बीजं पेरतो आणि मग समाज अंधश्रद्ध म्हणून गळे काढतो.

पुस्तक माळ्यावर टाकू नका, चित्रं बघायला ठेवा. फक्त जादू काढून टाका.

दोन_पोरांचा_बाप (मंगळवार, सकाळी ८.०५)

@तर्ककर्कश, सकाळी सकाळी दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या), पण तुमच्या घरी दात पडला तर काय करतात? छपरावर फेकून नवा मागत नाहीत का?

माझा धाकटा पाच वर्षांचा. त्याने गेल्या दिवाळीत पणतीसमोर हात जोडून मागितलं, 'आईचा फोन संडासात पडू दे.' चौथ्या दिवशी पडला. तीन दिवस तांदळाच्या डब्यात होता (फोन, मुलगा नाही). तेव्हापासून बायको त्याच्यासमोर फोन हातात घ्यायला कचरते. जादूचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

तर्ककर्कश (मंगळवार, सकाळी ८.४०)

आमच्याकडे दात पडला तर कचऱ्यात टाकतात. आणि ओल्या कचऱ्यात की सुक्या यावर वाद घालतात.

पेठेतली_मनी (मंगळवार, सकाळी ९.१२)

@तर्ककर्कश, गणपतीच्या देवळात उंदराच्या कानात कधी काही सांगितलं नाहीत? खरं सांगा.

तर्ककर्कश (मंगळवार, सकाळी ९.१५)

सांगितलंय. दहावीला. गणितात ५८ पडले. त्यानंतरच मी असा झालो.

सध्या_डॅलस (मंगळवार, सकाळी ९.४७)

माझी मुलगी सहा वर्षांची. इथे नियम उलटा आहे. वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवताना काय मागितलं ते मोठ्याने सांगितलं तर खरं होत नाही, असं पोरं एकमेकांना बजावतात. त्यामुळे ती मला काही सांगतच नाही. मे महिन्यात आईकडे कोथरूडला आलो होतो, तेव्हा आजीने तिला देवळात नेऊन उंदराचा एक कान झाकायला आणि दुसऱ्यात सांगायला शिकवलं. कान झाकायचा कशाला? तर म्हणे, एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर पडू नये म्हणून. मी जवळ उभी, मला सगळं ऐकू आलं. पाच महिने जे कळत नव्हतं ते कळलं. लेकीला तिची वर्गातली जागा बदलून हवी होती, शेजारची मुलगी चिमटे काढते. मी परत गेल्यावर बाईंशी बोलले, जागा बदलली. पोरगी म्हणते, पुण्याचा उंदीर पॉवरफुल आहे.

तेव्हा निंबोणी, मला तर वाटतं तुमची लेक मोठ्याने मागतेय हीच चांगली गोष्ट आहे. माझीसारखी गुपचूप मागत असती तर?

पेठेतली_मनी (मंगळवार, सकाळी १०.३०)

अवांतर. मुळात 'विश'ला मराठीत म्हणायचं काय? मी भाच्याला असलंच एक पुस्तक सांगत होते. 'इच्छा कर' म्हटलं तर परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. 'वर माग' म्हटलं तर तो म्हणाला, वर कुठे, गच्चीत? आणि मोठ्या भाचीने 'वर' चा दुसरा अर्थ सांगून वहिनीला हसवलं. 'नवस' म्हणावं तर फेडणं आलं. पोराने उद्या बोकड विचारला म्हणजे?

आजी_ऑनलाइन (मंगळवार, दुपारी १२.१०)

आम्ही 'मनात धर' म्हणायचो. पापणीचा केस गळला की तो मुठीच्या पाठीवर ठेवायचा, काहीतरी मनात धरायचं आणि फुंकर मारायची. केस उडाला की झालं काम. नाही उडाला तर परत फुंकायचं, कोण बघतंय.

भुईचक्र (मंगळवार, दुपारी १२.२२)

'मनात धर' बेष्ट. वाचनखूण साठवली.

इच्छापूर्तीचं दुकान पुण्यात काढलं असतं तर पाटी काय असती? 'दुपारी १ ते ४ बंद. इच्छा सुट्ट्या आणाव्यात. एकदा मागितलेली इच्छा परत घेतली अथवा बदलून दिली जाणार नाही. उगाच चौकशी करू नये.'

दोन_पोरांचा_बाप (मंगळवार, दुपारी १२.३१)

'आमची कोठेही शाखा नाही' राहिलं.

थेऊरफाटा (मंगळवार, दुपारी २.००)

शाखा नाही कशी? आमचं थेऊर आहे ना, पुण्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. आमच्या गणपतीचं नावच चिंतामणी. कपिल मुनींकडे मनात येईल ते देणारा मणी होता. त्यांनी गणासुराला त्या मण्याच्या जोरावर पंचपक्वान्नांचं जेवण घातलं, तर तो मणीच पळवून घेऊन गेला. गणपतीने लढून परत आणला. पण मला लहानपणापासून आवडतो तो पुढचा भाग. परत मिळाल्यावर मुनींनी तो घेतलाच नाही, गणपतीच्याच गळ्यात घातला. नको म्हणाले असणार ही कटकट.

आमचे सर सांगायचे, थोरल्या माधवराव पेशव्यांनी शेवटचे दिवस याच देवळात काढले. १७७२. वय वर्षं सत्तावीस. इच्छा पुरवणाऱ्या देवाच्या दारात. लहानपणी तिथे खेळताना मला त्याचं काही वाटायचं नाही, आता पोराला घेऊन गेलो की त्या जागी दोन मिनिटं थांबतो.

काचकमळ (मंगळवार, संध्याकाळी ६.१५)

जरा लांबण लावते. लहान मुलांबरोबर काम करते म्हणून राहवत नाही.

पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचारपद्धतीबद्दल जे लिहून ठेवलंय त्यातला एक भाग इथे लागू पडतो. या वयात 'मला वाटलं' आणि 'तसं झालं' यांच्यात मूल सहज दोरी बांधतं. चंद्र माझ्याबरोबर चालतो, मी रागावले म्हणून पाऊस आला, वगैरे. ते खोटं बोलत नसतं, अंधश्रद्धही नसतं. @तर्ककर्कश, 'कागद आणि शाई' सांगून ही दोरी तुटत नाही, मूल फक्त तुम्हाला सांगायचं बंद होतं.

पण या दोरीची उलटी बाजूही आहे आणि मला काळजी तिची वाटते. 'मी मागितलं म्हणून सुट्टी मिळाली' असं वाटणाऱ्या मुलीला 'मी नीट मागितलं नाही म्हणून आबा आले नाहीत' असंही वाटू शकतं. किंवा त्याहून वाईट. माझ्या नात्यातल्या एका मुलाने आजीवर चिडून 'जा तू!' म्हटलं होतं, आणि आठवड्याने ती गेली. त्याने ते वर्षभर कुणाला सांगितलं नाही. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं.

म्हणून निंबोणी, दोन गोष्टी तिला स्वच्छ शब्दांत सांगा. एक, आबा वारले. वारलेलं माणूस परत येत नाही, कुणी कितीही आणि कसंही मागितलं तरी. दोन, ते तिच्यामुळे गेले नाहीत आणि तिच्यामुळे यायचे राहिलेलेही नाहीत. 'देवाघरी गेले' म्हटलं तर मूल विचारतं, मग येणार कधी. 'झोपले' तर अजिबात म्हणू नका, त्यांच्या दुपारच्या झोपेचं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते. काही मुलं मग झोपायलाच घाबरतात.

पुस्तक राहू द्या. तेवढं एक पान तिची डायरी झालंय.

तर्ककर्कश (मंगळवार, संध्याकाळी ७.०२)

@काचकमळ, 'सांगायचं बंद होतं' हे मान्य. आमच्या घरी तसं झालंय. जास्त लिहीत नाही.

पण मग तुम्हीही शेवटी 'परत येत नाही' असं स्वच्छ सांगा म्हणताय. मी तेच म्हणत होतो, फक्त तुमच्याइतकं गोड बोलता येत नाही.

काचकमळ (मंगळवार, संध्याकाळी ७.२०)

तुम्ही पुस्तकाबद्दल सांगायला निघालात. मी आबांबद्दल सांगा म्हणतेय.

दुपारचा_चहा (मंगळवार, रात्री ९.३३)

शाळेत संस्कृत शिकवत होतो, निवृत्त. मुलांच्या इच्छांवरून नचिकेत आठवला. कठोपनिषदातला. बाप भाकड गाई दान देतोय हे बघून पोरगा विचारतो, मला कुणाला देणार? दोनदा, तीनदा. बाप वैतागून म्हणतो, यमाला. पोरगं निघतं! यम घरी नसतो, तीन रात्री दारात उपाशी बसतं. यम ओशाळून तीन वर देतो. तिसरा सगळ्यांना माहीत असतो, मेल्यावर काय होतं ते सांग. दुसरा अग्नीचा. पण पहिला काय मागितला? वडिलांचा राग जाऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून नीट बोलावं.

वर्गात हे सांगताना मी नेहमी इथे थांबायचो. प्रत्यक्ष मृत्यू समोर हात जोडून उभा आहे आणि मुलाला आधी काय हवंय, तर घरी गेल्यावर बाबा चिडलेले नसावेत. पस्तीस मुलांतली चार-पाच मुलं खाली बघायला लागायची.

दोन_पोरांचा_बाप (मंगळवार, रात्री ९.५०)

सर, हे वाचून उठलो आणि थोरल्याच्या खोलीत जाऊन आलो. संध्याकाळी पाढ्यांवरून ओरडलो होतो. झोपला होता.

भुईचक्र (मंगळवार, रात्री १०.०४)

आणि दुसऱ्या टोकाला भस्मासुर. मिळालेला वर वापरून बघायची एवढी घाई की ज्याने दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. नवीन बंदूक मिळालेलं प्रत्येक पोर पहिली टिकली बापाच्या कानाशीच वाजवतं, त्यातलाच प्रकार.

नवी_आई_२ (बुधवार, सकाळी ११.००)

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा. अशी चित्रांची पुस्तकं मराठीत मिळतात का? ऑनलाइन पाहिली ती बहुतेक सगळी इंग्रजी.

पेठेतली_मनी (बुधवार, सकाळी ११.१८)

भरपूर. ज्योत्स्ना प्रकाशनाची बघा. तूलिका आणि नॅशनल बुक ट्रस्टचीही मराठीत येतात. फुकट हवी तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवरवर मराठीतल्या गोष्टी आहेत, छापूनही घेता येतात. थोडा मोठा झाला की 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर ठेवलेत. पण पावणेदोनला जाड पुठ्ठ्याची घ्या, तो आधी खाणार. निंबोणीच्या बकरीसारखा.

आजी_ऑनलाइन (बुधवार, दुपारी ४.१०)

नुकतीच उठले. वरचं सगळं वाचलं. मला खुलभर दुधाची कहाणी आठवली, श्रावणी सोमवारची. राजाने ठरवलं महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा. दवंडी पिटवली, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी पोरांच्या, वासरांच्या तोंडचं काढून आणून ओतलं. गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. घरातली लेकरं-सुना जेवू घालून, वासरांना पाजून, उरलेलं खुलभर दूध तिने ओतलं आणि गाभारा काठोकाठ भरला.

नातवाला सांगितली तर तो म्हणाला, आजी, राजाची इच्छा म्हातारीने पूर्ण केली, मग म्हातारीची कुणी केली? साठ वर्षं ही कहाणी ऐकतेय, सांगतेय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी त्याला लाडू दिला.

खिळेमास्तर (बुधवार, रात्री ८.४५)

मी लिहीत नाही सहसा, वाचतो. छापखान्यात उभी हयात गेली, आधी खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवले, मग ऑफसेट. निंबोणीताईंचं पहिलं पोस्ट दोनदा वाचलं. एक शंका आहे.

पुस्तक मधोमध पिना मारलेलं आहे का? असेल तर खाकी कव्हर काढा आणि आतले कागद मोजा. पान म्हणजे पूर्ण कागद, त्याच्या दोन बाजू ती दोन पृष्ठं. मोजून इथे सांगा.

निंबोणी (बुधवार, रात्री ९.३०)

काका, पिनाच आहेत, गंजलेल्या. चौदा कागद. म्हणजे २८ पृष्ठं. का?

बाकी सगळ्यांचे आभार, सविस्तर लिहिते. काचकमळ, काल रात्री बोलले तिच्याशी. खूप रडली. मग म्हणाली, "मग मी मागू नको का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, मागावंसं वाटलं तर माग, पण ते यायचे नाहीत. दुपारचा_चहा सर, नचिकेत नवऱ्याला वाचून दाखवला. इच्छांच्या दुकानाची पाटीही वाचून दाखवली, तेव्हा घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मोठ्याने हसलं.

खिळेमास्तर (बुधवार, रात्री १०.०५)

म्हणजे शंका खरी. ही पुस्तकं बहुतेक ३२ पृष्ठांची असतात. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ पृष्ठं, दुसऱ्या बाजूला आठ, घड्या घातल्या की १६ पृष्ठांचा एक फर्मा. दोन फर्मे म्हणजे ३२. कागद वाया जात नाही, म्हणून हा आकडा. ते एकात एक बसवून मधोमध पिन मारली की पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच कागदाची दोन टोकं असतात. सख्खी भावंडं म्हणा. तुमच्याकडे नावाचं पान नाही. ते घडीतून फाटून गेलं तेव्हा त्याचं भावंडही सुटून गेलं असणार. ३२ मधून ४ गेली, राहिली २८.

म्हणजे हाताचं पान हे शेवटचं पान नाही. ते ३० वं पृष्ठ, डाव्या बाजूचं. त्याच्या समोर ३१ वं होतं. आणि चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं असावं. हळदीचा डाग म्हणालात, तो शिवणीपाशीच कसा? नखाने खरवडून बघा. बोटाला लागला तर हळद. नाही लागला तर छपाई.

भुईचक्र (बुधवार, रात्री १०.०७)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. निंबोणी, खरवडा!

निंबोणी (बुधवार, रात्री १०.३८)

छपाई आहे.

मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. डाग नाही तो, बारीक बारीक पिवळे ठिपके आहेत आणि कड एकदम सरळ गोल. काहीतरी पिवळं उजेडाचं गोल होतं पलीकडच्या पानावर, त्याची कड आमच्या पानावर आलीये. कंदील? चंद्र? खिडकी? दीड महिना मी त्याला हळद म्हणतेय, आणि एकदा ओल्या फडक्याने पुसायलाही गेले होते.

सध्या_डॅलस (बुधवार, रात्री १०.५१)

अंगावर काटा. पुस्तक बिघडलंय का, तर हो, खरंच बिघडलंय! पोरगी बरोबर होती.

तर्ककर्कश (बुधवार, रात्री ११.००)

कार्यकारणभाव, मंडळी. नुसतं सांगून ठेवतो.

(मास्तर, दंडवत.)

थेऊरफाटा (बुधवार, रात्री ११.१२)

आता इथे कुणीतरी पुस्तक ओळखून पूर्ण प्रत शोधा. मडकं आणि बकरी, कुणाला आठवतंय का?

पेठेतली_मनी (गुरुवार, सकाळी ९.४०)

दोन ठिकाणी विचारलं. नाही मिळालं. एका दुकानदाराने मलाच विचारलं, बकरी काय मागते? म्हटलं, फडकं. म्हणाला, मग बरोबर आहे.

आजी_ऑनलाइन (गुरुवार, सकाळी १०.१५)

कशाला शोधताय गं? कागद घरात आहे, खडू घरात आहेत.

निंबोणी (रविवार, रात्री १०.२०)

तीन दिवस गायब होते, घरात ताप चालू होता. आता ऐका.

आजी, तुमचं ऐकलं. लेकीला सगळं सांगितलं, पिना, भावंडं, ३१ वं पृष्ठ. तिला फार काही कळलं नसावं, पण 'पान हरवलंय' एवढं पक्कं कळलं आणि ती एकदम खूश झाली. आपली चूक नव्हती, असा चेहरा. जाड कार्डशीटचा तुकडा मापाने कापून दिला. पिवळी कड कुठे येते तेवढी पेन्सिलने खूण करून दिली आणि मी कुकर लावायला गेले.

अर्ध्या तासाने आले तर पिवळा गोल म्हणजे एका दुकानाचा दिवा झाला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली. आतमध्ये आरामखुर्ची, खुर्चीत आबा, चष्मा कपाळावर, पोट भलंमोठं. दाराशी मडकं. मडक्याशेजारी बकरी, रांगेत उभी.

मी विचारलं, हे काय? म्हणाली, "दुकान बंद आहे. आबा झोपलेत. एक ते चार." म्हणजे त्या रात्री आम्ही हसत होतो तेव्हा ही जागी होती!

काचकमळ, तुमचं 'झोपले म्हणू नका' डोक्यात होतंच, घाबरून म्हटलं, "बाळा, आबा वारले ना?" तर माझ्याकडे असं बघितलं, की मीच साडेचार वर्षांची आहे. म्हणाली, "हो, वारलेत. हे चित्रात झोपलेत."

"मग चार वाजता दुकान उघडेल?"

"आई, चित्र आहे ते."

आज रात्री हात ठेवून तिने पाणीपुरी मागितली. उद्या नेणार आहे.

खिळेमास्तर काका, एकच विचारायचं होतं. नवं पान पुस्तकाला कसं जोडू? घरात सेलोटेप आहे.

खिळेमास्तर (रविवार, रात्री १०.४१)

सेलोटेप नको. दोन-चार वर्षांत पिवळी पडते, डिंक सुकतो आणि चित्राचा पापुद्रा घेऊन निघते. दोन चमचे मैदा पाण्यात शिजवून खळ करा, गार होऊ द्या. आम्ही बाइंडिंगला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचो, तुम्ही घालू नका, ते विषारी असतं, घरात पोर आहे. अर्धा इंच रुंद पातळ कागदाची पट्टी घ्या, निम्मी जुन्या पानाला, निम्मी नव्या पानाला. दोन्हीकडे रद्दी कागद ठेवून रात्रभर जड पुस्तकाखाली दाबा. गंजक्या पिना काढून सुईदोऱ्याने तीन टाके घाला.

आणि पट्टी चिकटवताना बकरी झाकली जाणार नाही असं बघा.